दंड भरला म्हणजे प्रकरण मिटलं का?

तालुक्याच्या कोर्टात सकाळी किरकोळ प्रकरणांचा पुकारा सुरू होतो. कुणी मोटारसायकल भरधाव चालवलेली असते, कुणी पत्त्यांच्या डावावरच्या धाडीत सापडलेला असतो, कुणी बांधावरच्या भांडणात शेजाऱ्याला दोन थपडा दिलेल्या असतात. व्हरांड्यात सगळ्यांना एकच सल्ला मिळतो, "कबूल करून टाका, पाचशे भरा, आजच मोकळे व्हाल." एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा मान डोलावतो. साहेब विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" तो "होय" म्हणतो, दंड भरतो, पावती खिशात कोंबतो आणि बस पकडून घरी जातो. पावती पुढच्या धुण्यात विरघळून जाते.

नऊ-दहा वर्षांनी तोच मुलगा सरकारी नोकरीसाठी निवडला जातो आणि साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीआधी पार्श्वभूमीच्या पडताळणीसाठी भरून द्यायचा अर्ज, त्याच्या हातात पडतो. केंद्र सरकारच्या नमुन्यात प्रश्नांची रांगच असते. तुम्हाला कधी अटक झाली आहे का? तुमच्यावर कधी खटला चालला आहे का? तुम्हाला कधी बंधपत्र द्यावं लागलं आहे का? न्यायालयाने कधी दंड केला आहे का? कधी दोषी ठरवलं आहे का? सध्या एखादं प्रकरण प्रलंबित आहे का? वर ठळक अक्षरांत इशारा असतो, की खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल. मुलाच्या डोक्यात व्हरांड्यातलं वाक्य पक्कं बसलेलं असतं, 'प्रकरण मिटलं.' तो सगळीकडे "नाही" लिहितो.

इथे नोकरी जाते, आणि ती बहुतेक वेळा गाडी भरधाव चालवल्यामुळे जात नाही. त्या "नाही"मुळे जाते.

गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही दोषसिद्धी असते, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. रक्कम पन्नास रुपये असो वा पाचशे, 'न्यायालय उठेपर्यंत साधी कैद' अशी नावापुरती शिक्षा असो, कागदोपत्री माणूस दोषी ठरलेला असतो. शिवाय कबुलीनंतर अपिलाचा दरवाजा जवळजवळ बंद होतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३७५ आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१६ यांनुसार ज्याने कबुली दिली त्याला फक्त शिक्षेचं प्रमाण किंवा तिची वैधता यावर दाद मागता येते, दोषी ठरवण्यावर नाही. म्हणजे "आजच मोकळे व्हाल" या सल्ल्यात आयुष्यभर टिकणारी नोंद लपलेली असते, आणि सल्ला देणाऱ्याने ती गोष्ट क्वचितच उच्चारलेली असते.

शेजाऱ्याशी झालेल्या मारहाणीचं उदाहरण घेऊ. साध्या दुखापतीचा गुन्हा, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३२३ आणि आताचं भारतीय न्याय संहितेचं ११५(२), आपसात मिटवता येतो. फिर्यादीशी तडजोड झाली आणि न्यायालयाने ती नोंदवली, तर कायद्यानुसार आरोपी निर्दोष सुटतो. त्याच प्रकरणात, त्याच दिवशी, त्याच कोर्टात कबुली देऊन दंड भरला, तर तो दोषी ठरतो. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी या दोन्ही गोष्टी शेजारशेजारच्या टेबलांवर चालू असतात, आणि गर्दीतल्या माणसाला दोन्हींना 'मिटवलं' हा एकच शब्द ठाऊक असतो. एका 'मिटवलं'मध्ये पाटी कोरी राहते, दुसऱ्यात तिच्यावर कायमची रेघ उमटते. ज्याच्या घरात कुणाचं असं प्रकरण चालू असेल त्याने एवढं एक तरी विचारावं, "साहेब, तडजोड होऊ शकते का?" भरधाव वाहन चालवण्याचा गुन्हा (पूर्वीचं २७९, आता २८१) असा तडजोडीने मिटत नाही. तिथे वकिलाला परिवीक्षेबद्दल विचारावं.

अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ मध्ये पहिल्यांदा चुकलेल्याला समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची सोय आहे. त्याचं कलम १२ म्हणतं, की असं सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही. वाचायला हे फार दिलासादायक वाटतं. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्येच स्पष्ट केलं, की या कलमाने दोषसिद्धी पुसली जात नाही. २०२१ मध्ये राजस्थानातल्या सरकारी वीज कंपनीच्या एका टेक्निकल हेल्परला त्याची झळ बसली. प्रकरण किरकोळ होतं, परिवीक्षेवर सुटका झालेली होती, नंतर कलम १२ चा फायदाही मिळाला. पण घोषणापत्रात त्याने शिक्षेची माहिती दिली नव्हती. उच्च न्यायालयाने त्याला परत कामावर घ्यायला सांगितलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. गुन्हा लहान की मोठा हा मुद्दाच नाही, सुरुवातीलाच खोटं सांगणाऱ्यावर मालकाने विश्वास ठेवावा का हा मुद्दा आहे, असा त्या निकालाचा रोख आहे.

त्याआधी, २००३ मध्ये, केंद्रीय विद्यालय संघटनेच्या खटल्यात एका शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने सांगितलं होतं, की माझं शिक्षण हिंदी माध्यमातून झालं, नमुना इंग्रजीत होता, त्यातले शब्द मला नीट कळले नाहीत. न्यायालयाने ते मानलं नाही. नंतर सरकारने त्याच्यावरचा खटला मागे घेतला होता, त्याचाही उपयोग झाला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येक उमेदवाराने हा निकाल लक्षात ठेवावा. नमुना न कळणं हा बचाव होत नाही. कळत नसेल तर सही करण्याआधी कळणाऱ्याकडून समजून घ्यावा.

या सगळ्या निकालांमधली ओढाताण सोडवायला २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 'अवतार सिंग' खटल्यात सूत्रं घालून दिली. उमेदवाराच्या कामाची चार सूत्रं अशी. दिलेली माहिती खरी असली पाहिजे. तरुणपणी घोषणा देण्यासारखा किंवा इतका क्षुल्लक गुन्हा, की जो सांगितला असता तरी माणूस नोकरीला अपात्र ठरला नसता, तो दडवला गेला असेल तर मालक ती चूक माफ करू शकतो. प्रश्न नेमका असला पाहिजे, मोघम प्रश्नात जे विचारलंच नाही ते न सांगणं म्हणजे लपवाछपवी नव्हे. आणि जी गोष्ट उमेदवाराला ठाऊकच नव्हती ती दडवल्याचा ठपका त्याच्यावर ठेवता येत नाही. पण त्याच निकालात हेही आहे, की खरं सांगितलं तरी मालक तुमची पार्श्वभूमी विचारात घेऊ शकतो, नेमणूक द्यायलाच हवी असं बंधन त्याच्यावर नाही. 'माफ करू शकतो' यातलं 'शकतो' फार मोठं आहे. एका जिल्ह्यात साहेब माफ करतो, दुसऱ्यात करत नाही, आणि उमेदवार सात-आठ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो.

म्हणून आजच्या घडीला सल्ला एकच, आणि तो पूर्ण विचारांती: विचारलं असेल तर सांगा. सगळं, नेमकं, कागदासह.

हे करायचं कसं? पहिलं काम म्हणजे आठवणीवर विसंबणं सोडून द्यायचं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने किंवा प्रकरण क्रमांकाने शोधता येतं. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, तो मिळाला की पुढचं सोपं. महाराष्ट्रातल्या न्यायदंडाधिकारी कोर्टात किरकोळ प्रकरणं बहुधा 'एस.सी.सी.' म्हणून नोंदलेली असतात आणि नियमित खटले 'आर.सी.सी.' म्हणून. चुकीच्या प्रकारात शोधलं की काहीच सापडत नाही, आणि माणूस समजतो नोंदच नाही. जुनी प्रकरणं संगणकावर नसतील तर ज्या पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला तिथला गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि साल शोधावं, मग कोर्टात नकलेचा अर्ज करावा. निकालाची आणि शेवटच्या तारखेच्या रोजनाम्याची प्रमाणित प्रत मागावी. कबुली, शिक्षा आणि दंड भरल्याची नोंद बहुतेक वेळा रोजनाम्यातच एका ओळीत सापडते. कागद नष्ट झालेले असतील तर तसा शेरा लेखी घ्यावा. तो शेराही पुरावाच असतो.

मग रकाना भरायचा. मोघम "एक किरकोळ केस होती, मिटली" असं लिहिणं हे न सांगण्याइतकंच घातक ठरतं, कारण वाचणारा त्यात वाईटातलं वाईट भरतो. उत्तर असं हवं:

"होय. गु.र.नं. अमुक/२०१३, अमुक पोलीस ठाणे, भा.दं.वि. कलम २७९. एस.सी.सी. क्र. अमुक/२०१३, न्यायदंडाधिकारी प्रथमवर्ग, अमुक. दि. अमुक रोजी गुन्हा कबूल केला, रु. ५०० दंड झाला, त्याच दिवशी भरला. कैद नाही. अपघातात कोणीही जखमी नाही. त्यानंतर माझ्यावर कोणताही गुन्हा नोंद नाही. निकालाची प्रमाणित प्रत जोडली आहे."

बस, एवढंच. आपण तेव्हा लहान होतो, संगत वाईट होती, पोलिसांनी उगाच अडकवलं, हे सगळं रकान्यात नको. विचारलं तर तोंडी सांगावं. कबुली दिलेल्या माणसाने 'मी निर्दोष होतो' असं लिहिणं तर आणखी शंका ओढवून घेणं आहे. जोडलेल्या कागदांची यादी अर्जावरच लिहावी आणि पोचपावती घ्यावी. पुढे कुणी 'दडवलं' म्हटलं तर हीच पोचपावती कामी येते.

दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक म्हणजे पोलिसांकडून चारित्र्य प्रमाणपत्र 'निरंक' आलं की लोकांना वाटतं आता "नाही" लिहायला हरकत नाही. प्रमाणपत्र म्हणजे त्या ठाण्याच्या नोंदीत काय सापडलं एवढंच. तुम्हाला जे ठाऊक आहे ते त्याने बदलत नाही, आणि पुढच्या पडताळणीत कोर्टाची नोंद वर आली तर ते प्रमाणपत्र तुमच्या बाजूने उभं राहत नाही. दुसरं, अर्ज भरल्यानंतर आणि रुजू होण्याआधी काही घडलं तर तेही लगेच कळवावं लागतं. केंद्राच्या नमुन्यात तशी स्पष्ट सूचना असते आणि ती कुणी वाचत नाही.

उलट, जे विचारलेलं नाही ते ओढून सांगू नये. खासगी कंपनीच्या अर्जात "तुम्हाला कधी दोषी ठरवलं आहे का?" एवढंच असेल, तर निर्दोष सुटलेलं प्रकरण तिथे लिहायची गरज नाही. अदखलपात्र तक्रार, ज्याला सगळे 'एनसी' म्हणतात, ती दोषसिद्धी नाही. निवडणुकीआधी किंवा सणासुदीला झालेली 'चॅप्टर केस', म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घेण्याची कारवाई, ही शिक्षा नाही. मात्र 'बंधपत्र द्यावं लागलं का' असा प्रश्न असेल तर तिचं उत्तर "होय"च. प्रश्न शब्दश: वाचावा, उत्तर शब्दश: द्यावं. बायोडेटात यातलं काही लिहू नये. जिथे प्रश्न येईल तिथे, पण पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा फोन येण्याआधी सांगावं. या एजन्सी नाव आणि पत्ता घेऊन कोर्टाच्या नोंदी चाळतात. एकाच तालुक्यात एकाच नावाची, एकाच वडिलांच्या नावाची चार माणसं सापडणं आपल्याकडे नवल नाही. दुसऱ्याचं प्रकरण अंगावर आलं तर नुसतं "तो मी नव्हेच" म्हणून भागत नाही. त्या प्रकरणातल्या आरोपीचं वय आणि पत्ता दाखवणारी नक्कल काढून लेखी हरकत द्यावी.

अठरा वर्षांखालच्या वयात घडलेलं असेल तर गोष्ट वेगळी आहे आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २४ नुसार अशा मुलाला कोणतीही अपात्रता लागू होत नाही. सोळा ते अठरामधल्या ज्यांच्यावर गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटला चालतो तेवढेच अपवाद. बाकीच्यांच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयातलं प्रकरण न सांगितल्याचा ठपका उमेदवारावर ठेवता येणार नाही असं म्हटलं. सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाला कायदा नवी सुरुवात देतो. अठरा वर्षं एक महिन्याच्या मुलाला काहीच देत नाही.

माझा खरा आक्षेप इथे आहे. खरं सांगायला हवं हे मान्य. पण किती वर्षं? या प्रश्नाला आपल्या कायद्यात नोकरीपुरतं उत्तरच नाही, आणि हे उत्तर संसदेला देता येत नाही असंही नाही. पासपोर्ट कायदा १९६७ बघा. दोषसिद्धीमुळे पासपोर्ट नाकारायचा तर गुन्हा नैतिक अध:पतनाचा हवा, शिक्षा किमान दोन वर्षांची हवी आणि ती अर्जाआधीच्या पाच वर्षांतली हवी. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ बघा. सर्वसाधारण गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तरच आमदारकी-खासदारकीची अपात्रता येते, आणि ती सुटकेनंतर सहा वर्षांनी संपते. त्या कलमात खास नोंदवलेल्या गंभीर गुन्ह्यांतही नुसता दंड झाला तर सहा वर्षांचीच मुदत आहे. पाचशे रुपये दंड झालेला माणूस राज्याचा मंत्री होऊ शकतो. त्याच मंत्र्याच्या कार्यालयात शिपाई व्हायचं तर मात्र त्याची नेमणूक एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच यावर बोट ठेवलं होतं. हरियाणातल्या पाटबंधारे खात्याचा चतुर्थ श्रेणी कर्मचारी, कलम २९४ (सार्वजनिक जागी अश्लील वर्तन) खाली २० रुपये दंड, आणि त्यापायी गेलेली नोकरी, असं ते प्रकरण. न्यायालयाने त्याची बाजू घेतली आणि संसदेला उद्देशून स्पष्ट म्हटलं, की सुमारे दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड ही कोणत्याही कारणासाठी, आणि विशेषत: सरकारी नोकरीत प्रवेशासाठी, दोषसिद्धी मानू नये, अशी तरतूद करा, याला विलंब चालणार नाही. त्यानंतर किती सरकारं आली आणि गेली. २०२३ मध्ये जनविश्वास कायदा करून ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी शिथिल केल्या, कारण किरकोळ चुकीसाठी उद्योग-व्यवसायावर फौजदारी बडगा नको हे सगळ्यांना पटलं. नव्या न्याय संहितेत पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, माल किंवा त्याची किंमत परत केली तर, समाजसेवेची शिक्षा आली. शिक्षा मवाळ झाली हे चांगलंच. पण त्या समाजसेवेचा दाखलाही दोषसिद्धीचाच, आणि साक्षांकन नमुन्यातला रकाना जिथे होता तिथेच आहे.

लॉकडाऊनचं उदाहरण मला सगळ्यात बोचतं. कलम १८८ खाली, म्हणजे आदेशभंगासाठी, तेव्हा असंख्य लोकांवर गुन्हे दाखल झाले. पुढे ते मागे घ्यायची चर्चा आणि निर्णय झाले. पण खटला मागे घेता येतो तो निकाल लागेपर्यंतच, कायद्यातच तसं लिहिलं आहे. म्हणजे ज्याने तारखा चुकवल्या, समन्स टाळलं, त्याची पाटी स्वच्छ होऊ शकते. जो पहिल्याच तारखेला हजर राहिला, चूक मान्य केली आणि दंड भरला, त्याच्या नावावर दोषसिद्धी कायम. कायदा पाळणाऱ्याला भोगायला लावणारी व्यवस्था कुणाला उचित वाटू शकेल?

ब्रिटनमध्ये १९७४ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. तिथे प्रौढाला झालेला दंड एका वर्षानंतर 'संपलेला' मानला जातो, आणि साध्या नोकरीच्या अर्जात तो सांगावा लागत नाही. शिक्षक, पोलीस, आरोग्यसेवा अशा कामांसाठी अपवाद आहेत. (परदेशी जाणाऱ्या मराठी मुलांनी मात्र एक लक्षात ठेवावं. व्हिसाचे अर्ज हा हिशेब मानत नाहीत. अमेरिकेच्या अर्जात तर माफी मिळालेली असली तरी अटक आणि शिक्षा विचारतात.)

'मालकाला जाणून घेण्याचा हक्क नाही का?' हा प्रश्न रास्त आहे. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या २०२४ च्या घटनेनंतर शाळेतल्या प्रत्येक माणसाची पडताळणी व्हावी असं कुणाही पालकाला वाटेल. मुलांवरचे, स्त्रियांवरचे अत्याचार, पैशांची अफरातफर, लाच, अमली पदार्थांचा व्यापार यांना मुदत लावू नये असंच मीही म्हणेन. बँकेच्या रोखपालाची जुनी चोरी बँकेला कळलीच पाहिजे. पोलीस दलाची कसोटी इतरांपेक्षा कडक असावी, न्यायालयांनीही तसं म्हटलं आहे. पण तलाठ्याच्या कामाशी बारा वर्षांपूर्वी भरधाव चालवलेल्या मोटारसायकलीचा काय संबंध? संबंध काय, हे लेखी नोंदवल्याशिवाय कुणालाही नाकारता येऊ नये.

दिल्लीतल्या कायद्याची वाट न बघता महाराष्ट्र सरकारला शासन निर्णयाने काही गोष्टी आज करता येतील. राज्य सेवेच्या साक्षांकन नमुन्यात 'अटक', 'खटला', 'तडजोड', 'निर्दोष', 'दंड' हे वेगवेगळे रकाने साध्या मराठीत आणि प्रत्येकाखाली एका ओळीचा खुलासा. फक्त दंडाची शिक्षा आणि पाच वर्षं उलटलेली असतील तर, वर सांगितलेले अपवाद वगळून, ती विचारूच नये. नाकारायचं असेल तर उमेदवाराला नोटीस, म्हणणं मांडायला पंधरा दिवस आणि कारणांसह आदेश.

आणि कोर्टात, कबुली नोंदवण्याआधी, आरोपीला त्याच्या भाषेत एक वाक्य वाचून दाखवावं, आणि त्याखाली त्याची सही घ्यावी: "तुम्ही गुन्हा कबूल केलात तर तुम्ही दोषी ठराल, ही नोंद राहील, आणि नोकरीच्या अर्जात विचारलं तर तुम्हाला ती सांगावी लागेल. विचार करायला पुढची तारीख हवी आहे का?"